मदत हवी: एकाच शेडमध्ये तांबड्या कोंबड्या मरून राहिल्या, पांढऱ्या ठणठणीत. काहून?

हिंगणावाला: चार दिवसांत २३ गेल्या, सगळ्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, तांबडी जात). बाजूच्याच कप्प्यात पांढऱ्या लेगहॉर्न आहेत. तेच पाणी, तेच खाद्य, एकही नाही गेली. पांढऱ्यांना काहून होत नाही? लवकर सांगा.

रानकोंबडा: वय? एकूण पक्षी? संडासचा रंग? राणीखेतची लस? अंतर्ज्ञानी आहोत का आम्ही बाप्पा?

हळदवाला: पाण्यातून लसूण-हळद द्या. माझ्याकडे १५ वर्षांत मरतुक नाही.

हिंगणावाला: २२ आठवडे. ४००, अर्ध्या-अर्ध्या. राणीखेत झाली. संडास हिरवट-पिवळी, तुरे पांढरेफटक.

तुरेवाला: फाउल टायफॉइड वाटते, म्हणजे कोंबड्यांचा टायफॉइड, साल्मोनेला गॅलिनारम जिवाणूचा. मेलेलीचं काळीज (यकृत) पाहिलं का? सुजून काशाच्या वाटीसारखं दिसते. तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर लेगहॉर्न या रोगाला चिवट, तांबड्या जड जाती नाजूक, हे जुनंच निरीक्षण आहे. लेगहॉर्नमध्येही सगळे वाण सारखे नाहीत. पाचव्या गुणसूत्रावर एसएएल१ नावाचा भाग आहे. तो चांगला असला की भक्षक पेशी गिळलेले जंतू लवकर मारतात, काळीज-प्लीहा वाचतात. पण आतड्यातले जंतू नाहीसे होतीलच असं नाही. म्हणून पांढऱ्यांनाही निरोगी समजू नका.

जनुकप्रेमी: बी२१ जनुकवाला वाण घ्या, विषय संपला.

तुरेवाला: ते मारेकसाठी भाऊ. मारेक रोग विषाणूचा, हा जिवाणूचा.

हळदवाला: एवढं कशाला? कडकनाथ पाळा. जीआय (भौगोलिक मानांकन) आहे त्याला.

रानकोंबडा: जीआय झाबुआच्या मांसाला मिळाला, २०१८ मध्ये. टायफॉइड ते प्रमाणपत्र पाहून परत जाते का?

तर्रीवाला: सध्या गावरान अंडं काय भाव चालू आहे नागपुरात?

तुरेवाला: हिंगणावाले, दोन्ही पिलं एकाच हॅचरीची?

हिंगणावाला: लेगहॉर्न हॅचरीच्या. तांबड्या मोठ्याच आणल्या, एका ओळखीच्याकडून, बारा दिवस झाले.

रानकोंबडा: हे आता सांगता राजेहो!

तुरेवाला: मग जातीचा दोष किती अन् तिथूनच आणलेल्या रोगाचा किती, कोणी सांगू शकत नाही. पांढऱ्यांचंही दुखणं अजून उमटायचं असेल. अंडी विकू नका, पिलंही काढू नका, अंड्यातून हा रोग पिलात उतरतो. दुकानदाराचं काही औषध देत असाल तर थांबवा. ताजी मेलेली घेऊन नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा, कोणतं अँटिबायोटिक लागू पडते ते तपासून घ्या.

हिंगणावाला: औषध सकाळीच पाजलं. कोंबडी फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते का?

तुरेवाला: नाही. बर्फाच्या डब्यात न्या, आत्ताच. अन् पाजलेल्या औषधाचं पाकीटही सोबत घ्या.