नायलॉन मांजाविरुद्ध आमदार नेमकं काय करू शकतात?

मानेवाड्याची ताई: संक्रांतीच्या दोन दिवस आधी सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावर माझ्या लहान भावाच्या गळ्याला नायलॉन मांजा लागला. मफलर होता म्हणून नऊ टाक्यांवर निभावलं. राष्ट्रीय हरित लवादाची बंदी २०१७ पासून आहे, तरी चकरी सहज मिळते. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तर आपल्याच नागपुरात भरतं. आमदारांना निवेदन द्यायचंय, पण मागू काय?

जुना वार्ताहर: ताई, भाऊ बरा होऊ दे आधी. 'कडक कारवाई करा' असं मोघम लिहू नका. लक्षवेधी सूचना मांडा म्हणा, मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. तारांकित प्रश्नात, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नात, गुन्हे किती, शिक्षा किती जणांना, ते विचारता येतं. मला विचाराल तर दुसरा आकडाच महत्त्वाचा.

वकील, धंतोली: कायदाच बदलायचा तर आमदार अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणू शकतात. ती क्वचितच मंजूर होतात, पण सरकारला भूमिका घ्यावी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा राज्याचाच कायदा, दुरुस्ती तिथे सुचवा. केंद्रीय कायद्याला छेद गेला की राष्ट्रपतींची मंजुरी लागते. महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं राज्याचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीपाशी अडकलं.

मानेवाड्याची ताई: शिक्षा किती जणांना, हेच पहिलं लिहिते. टाक्यांचे फोटो जोडू का? भाऊ हो म्हणतो, आई नको म्हणते.

जुना वार्ताहर: आईचं ऐका. एफआयआरची प्रत जोडा.