मदत हवी आहे: १९६९ ची एमजीबी, मास्टर सिलिंडरचं किट बदललं, आता पुढचे ब्रेक सुटत नाहीत

मंडळी, नमस्कार. मी इंग्लंडात लेस्टरला असतो. तीन वर्षांपूर्वी एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली. पुढे डिस्क, मागे ड्रम, सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही आणि ब्रेकचं सर्किट एकच. म्हणजे एक कप (दाब धरणारं रबरी सील) गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले, मग हँडब्रेक आणि देव. इथे ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे माझी चूक पकडणारं कोणी नाही. म्हणून विचारतोय.

मूळ तक्रार अशी: सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली बसायचं. दोनतीनदा पंप केलं की पुन्हा वर. टाकीतली पातळी उतरत नव्हती, कुठे ओलही नव्हती. म्हणजे कप आतल्या आत गळतोय, इतपत कळलं.

शनिवारी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) काढला. पेडलबॉक्सचं झाकण, क्लेव्हिस पिन, पाइपचं युनियन (जोड), दोन बोल्ट. लिहायला एक ओळ, करायला अख्खी सकाळ. शेजारी क्लचचा सिलिंडर, हात वळत नाही. सर्कलिप काढून पिस्टन बाहेर घेतला. कपची कड एका बाजूने झिजलेली. बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) तपकिरी डाग होते, पण नखाला खड्डा लागला नाही. म्हणून स्लीव्ह (आतून नवी नळी) टाकायला न पाठवता हलका होन (आतून घासायचं हत्यार) फिरवला, नवं किट (नवे कप वगैरे) टाकलं, डॉट ४ ब्रेक ऑइल भरून एअर काढली.

पेडल आता झकास. पण पाचसहा मैल गेलं की पुढची दोन्ही चाकं धरून बसतात. न्यूट्रलमध्ये उतारावरही गाडी हलत नाही. अर्धा तास थांबलं की आपोआप मोकळी. कॅलिपर (डिस्क आवळणारे भाग) गेल्या वर्षीचे, होस (रबरी नळ्या) किती जुने माहीत नाही. घोळ कुठे असेल?

प्रतिसाद १
दोन्ही होस एकदम बिघडणं कठीण. पुन्हा धरलं की तिथेच थांबून मास्टर सिलिंडरवरचं युनियन सैल करा. खाली फडकं धरा, नाहीतर रंग उतरेल. चाकं सुटली तर दाब सिलिंडरपाशी अडकतोय. नाही सुटली तर कॅलिपरचं निपल (एअर काढायचा स्क्रू) उघडा. तेव्हा सुटली तर होस बघा.
पेडल सोडल्यावर कप टाकीकडच्या बारीक भोकाच्या मागे यायला हवा. तापून फुगलेलं ऑइल तिथूनच वर जातं. पेडलला थोडी ढिलाई आहे ना? आणि होनिंगनंतर ते भोक साफ केलंत का?

प्रतिसाद २
धुतलं कशाने? पेट्रोल किंवा रॉकेल लागलं असेल तर नवा कपही फुगून भोक झाकतो. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरं, पण त्या रबराला खरं ऑइलच चालत नाही. आमच्या सांगलीच्या जीपमध्ये कोणीतरी इंजिन ऑइल ओतलं होतं. कप वड्यासारखे टम्म.

धागाकर्ता
धुतलं मेथिलेटेड स्पिरिटने. ढिलाई आहे. भोकाचं मात्र... होनिंगनंतर फुंकर मारली, मोठ्या भोकातून वारा आला, मी खूश. बारीक भोक वेगळं असतं हे आत्ता कळतंय. टाकीत टॉर्च मारून पेडल हलकेच दाबलं तर कारंजं दिसायला हवं ना?

प्रतिसाद १
हो, अगदी पहिल्या हलक्या दाबाला. जोरात दाबू नका, डोळ्यात जाईल.

धागाकर्ता
कारंजं नाही. आज चार मैलांवर धरलं, युनियन सैल केलं आणि चाकं लगेच सुटली. सिलिंडर पुन्हा काढतोय. मुलीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार मागून ठेवली आहे. आठवड्याभरापूर्वी बसवलेला कप परत वापरू का?

प्रतिसाद १
नको. होनची भुकटी त्या भोकात गेली, तशी कपच्या कडेलाही रुतली असेल. दुसरं किट मागवा. आणि तार टाकीच्या बाजूने घाला, बोअरमधून नाही.