टाचदुखी: टेपवर भागवावं की कायमचे इनसोल करून घ्यावेत?

सहावी_तासिका
चार महिने झाले, उजवी टाच छळतेय. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसल्यासारखं होतं, दहा-बारा पावलांनी जरा सैल पडतं. शिक्षक आहे, दिवसभर फळ्यासमोर उभा. निदान: प्लांटार फॅशिआयटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. फिजिओथेरपिस्टनी तळव्याला टेप लावली तेव्हा अडीच दिवस हवेत होतो. टेप सुटली आणि मी परत जमिनीवर. आता पायाचा साचा देऊन ऑर्थोटिक, म्हणजे बुटात घालायचा मापाचा इनसोल, करून घ्या म्हणतात. घरचे म्हणतात, एकदा सवय लागली की जन्माची कुबडी. मध्ये तयार इनसोलही आणले, पण ते घातले की बूटच चावतात.

साचेवाला
इनसोल बनवण्यातच माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे मी ‘करून घ्या’च म्हणेन असं वाटेल. आज तरी नाही म्हणणार.

टेपने आराम पडला, ही तुमच्याकडची सगळ्यात कामाची माहिती. टेप पायाची कमान खाली बसू देत नाही, तळव्याच्या पट्ट्यावरचा ताण हलका होतो. म्हणजे तुमचा पाय आधाराला दाद देतोय. पण म्हणून साच्याचाच आधार हवा असं नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच दुखण्याच्या 135 जणांना तीन प्रकारचे इनसोल दिले होते: नावापुरता मऊ फोम, तयार घट्ट फोम आणि साच्यावरून केलेलं प्लास्टिक. तीन महिन्यांनी तयार आणि साच्याचे, दोन्ही गट चालण्या-वावरण्यात नावापुरत्या फोमपेक्षा थोडे पुढे होते. वर्षाने तिन्ही सारखेच. माझ्या धंद्याला हे सांगणं परवडत नाही, पण आहे ते आहे.

साचा लागतो तो पायाचा आकारच वेगळा असेल, संधिवाताने बोटं सरकली असतील, किंवा तयार माल नीट वापरूनही उपयोग झाला नसेल तेव्हा. कुबडीची भीती सोडा. दुखणं गेलं की इनसोल हळूहळू काढता येतो.

एक विचारतो: तयार इनसोल घालताना बुटातलं मूळ अस्तर काढलं होतंत का?

अनवाणी_नको
साचेवाले दादा, पोटरीचं राहिलंच की! मला खरा फरक भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याने पडला. साच्याचे इनसोल माझ्याकडेही आहेत. एकाच बुटात बसतात आणि घरात मी तर चपलेवर, मग दिवसातले निम्मे तास ते कपाटात. आणि टेप रोज लावून माझी कातडी सोलवटली, तेव्हा मध्ये एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

जुना_गोडवा
मधुमेह असलेल्यांनी यातलं काहीच मनाने करू नये. माझे तळवे बधिर आहेत. इनसोलची कड घासून फोड आला आणि तो मला दिसला मोजा लाल झाल्यावर. आता आधी डॉक्टर, आणि रोज रात्री आरशात तळवे.

सहावी_तासिका
मधुमेह नाही, तपासलंय. आणि दादा, अस्तर नव्हतं काढलं. त्याच्यावरच चढवले होते. टाच बुटाबाहेर येत होती आणि मी दोष इनसोलला देत होतो.

साचेवाला
काढा आणि पहिल्या दिवशी दोन तासच घाला, मग रोज थोडं वाढवा. तीन महिने द्या. तोवर साचा नको.