‘फ्लडिंग’ला पूर म्हणायचं का? शिवाय कलणे, कलंडणे, उलटणे

गोदाकाठची
मंडळी, मच्छीमारांसाठीच्या बोट-सुरक्षा पुस्तिकेचं भाषांतर माझ्याकडे आलंय. पंचवटीत बसून समुद्राचं भाषांतर! हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. आधी कुणीतरी केलेला मसुदा सोबत आहे आणि त्याचा मथळा आहे ‘नौकेची स्थिरता व पूरप्रतिबंध’. पूर म्हटलं की मला नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुतीच दिसतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर आमचा पूर ठरतो. बोटीत कसा पूर येईल?
दुसरं म्हणजे ‘हील’, ‘लिस्ट’ आणि ‘कॅप्साइज’ या तिन्हींसाठी मसुद्यात एकच शब्द आहे, ‘झुकणे’. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

जुना दर्यावर्दी
ताई, पटत नाही तेच बरोबर आहे. मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली, आता इंदिरानगरात झाडांना पाणी घालतो.
वाऱ्याने, लाटेने किंवा जोरात वळण घेतल्यामुळे बोट एका अंगाला जाते ती ‘हील’. कारण गेलं की ती परत येते. याला कलणे म्हणा. दुपार कलते, मन कुणाकडे कलतं, मुलाचा कल कळतो. या सगळ्यात दिशा आहे, पण काही हातचं गेलेलं नाही. ‘लिस्ट’ म्हणजे आतल्याच वजनाने बोट एका बाजूला तिरकी बसलेली असते. मासळी एकीकडे रचली, डिझेल एकाच टाकीतलं वापरलं, आत पाणी साठलं, ही त्याची कारणं. तिथे ‘एका अंगाला कलून राहणे’ लिहा. ‘राहणे’ महत्त्वाचं, कारण वारा पडला तरी ती सरळ होत नाही.
‘कॅप्साइज’ म्हणजे कलंडणे, ही पुढची गोष्ट. घागर कलंडते, उसाची गाडी कलंडते. त्यांना उभं करायला माणसं लागतात.

शब्दवेडा
मग कलंडणे आणि उलटणे यात फरक मानायचा का? पेपरवाले तर सगळ्यालाच ‘उलटली’ म्हणतात.

जुना दर्यावर्दी
मानायचा. ६ मार्च १९८७ ला ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ नावाची फेरीबोट बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघाली. गाड्या चढवण्यासाठीची पुढची दारं उघडीच राहिली होती. वेग घेताच पाणी आत घुसलं, गाड्यांच्या सपाट मजल्यावर पसरलं आणि बोट पाहता पाहता आडवी झाली. १९३ माणसं गेली. पण ती उलटली नाही आणि पुरती बुडालीही नाही. उथळ पाण्यात वाळूवर कुशीवर पडून राहिली, अर्धं अंग वर. हिला कलंडली म्हणायचं. बूड आभाळाकडे झालं तर उलटली किंवा पालथी झाली. बुडणं त्यानंतरचं, आणि कधी कधी ते होतही नाही.

गोदाकाठची
काका, हे लिहून घेतलं. आता ‘स्टॅबिलिटी’. स्थिरता म्हणजे न हलणं ना? पण पुस्तिकेत तर बोटीचं डोलणं चांगलं की वाईट यावर एक अख्खं प्रकरण आहे.

जुना दर्यावर्दी
म्हणूनच स्थिरता हा शब्द फसवा आहे. धक्क्याला घट्ट बांधलेली बोट स्थिर असते, पण म्हणून ती सुरक्षित असेलच असं नाही. इथे हवाय तो तोल, म्हणजे कललं तरी सरळ होण्याची ताकद.
थोडक्यात सांगतो. बोटीचं सगळं वजन जणू एका बिंदूतून खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. पाणी तिला वर उचलतं ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून. बोट उजवीकडे कलली की उजवीकडचा जास्त भाग पाण्यात जातो आणि उचलणारा जोरही उजवीकडे सरकतो. खालून तो ढकलतो, मधून वजन ओढतं, आणि बोट सरळ होते. पण वजन वर वर रचत गेलात, टपावर जाळी, डेकवर बर्फाची खोकी, तर तो मध्य वर चढतो आणि सरळ करणारा जोर कमी होत जातो. एका मर्यादेपलीकडे तेच दोन जोर बोटीला पाडायला मदत करतात.
आता शब्दाचा घोटाळा पाहा. मराठीत डोलणं गोड आहे. शेतं डोलतात, नागोबा डोलतो. बोट मात्र सावकाश, डौलात डोलायला लागली, एका बाजूला जाऊन तिथेच जराशी थांबून मग परत यायला लागली, की तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, पोटात गोळा यायला हवा. तोल चांगला असलेली बोट झटकन परत येते, अंगाला हिसके बसतात, नव्या माणसाला उलट्या होतात. सुखाचं डोलणं हीच धोक्याची खूण. हे वाक्य तुमच्या पुस्तिकेत ठळक छापायला सांगा.

हर्णैची माहेरवाशीण
काका, तुमचं वाचून माहेर आठवलं. आता सासर सिडकोत, म्हणजे तुमच्या जवळच.
पूर वगैरे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ‘बोट पाणी घेतेय’ म्हणजे फटीतून येतंय, उपसत राहिलं तर निभावेल. ‘बोटीत पाणी भरलं’ म्हणजे उपसणं हरलं. दोन्ही शब्द ठेवा ना. पुस्तिकेला पाणी घेण्यापासून पाणी भरण्यापर्यंत जाऊच द्यायचं नाहीये.
आणि छोट्या होडीच्या बाजूला पाण्यावर आडवा ओंडका बांधतात ती उलांडी. तोल म्हणजे काय ते उलांडीची होडी दाखवली की पोरांनाही कळतं.

शब्दवेडा
उलांडी! मुलीचं नाव ठेवावं असा शब्द आहे.
‘बॅलास्ट’ला जुन्या कोशात नीरम आहे. तोही घ्या.

गोदाकाठची
नीरम सुंदर आहे, पण किती जणांना कळेल? मी ‘बुडाशी ठेवलेलं वजन’ लिहिणार. रागावू नका.

विज्ञानशिक्षक
पाणी घेण्याचा हिशोब देतो, मुलांना वर्गात घालतो तोच. बोटीला पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंचाचं भोक पडलं तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. म्हणजे तीनेक हंडे. तेच भोक चार फूट खाली असेल तर दुप्पट. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणारा रबरी पाइप निसटला की नेमकं हेच होतं, म्हणून त्याच्या कॉकजवळ हात सहज पोहोचायला हवा.
पण खरी गंमत आत आलेल्या पाण्याची आहे. परातीत तीन बोटं पाणी घेऊन स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत चाला. हात जरा उजवीकडे झुकला की सगळं पाणी उजवीकडे धावतं, परातीची ती बाजू आणखी जड होते, आणि सावरायला जावं तर ते डावीकडे येऊन आदळतं. मग तेवढंच पाणी चार डब्यांत ओता, डबे परातीत ठेवा आणि पुन्हा चाला. वजन उलट वाढलंय, तरी परात शहाण्यासारखी वागते. बोटीत आडव्या-उभ्या भिंती घालून कप्पे करतात ते यासाठीही. टाकीच्या मधोमध बोटीच्या लांबीच्या दिशेने एक पडदा घातला तरी तोल बिघडवण्याची त्या पाण्याची ताकद चौथाईवर येते, कारण ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: निम्म्या रुंदीच्या एका कप्प्यात आठवा भाग, दोन्ही मिळून चौथाई.
याला एक क्रियापद हवं.

शब्दवेडा
हिंदकळणे.

विज्ञानशिक्षक
हिंदकळण्यात पाणी काठाबाहेर सांडल्याचा भास आहे. इथे ते आतच राहतं, तोच तर त्रास. मला डचमळणे जवळचं वाटतं.

हर्णैची माहेरवाशीण
डचमळतं ते पोटात, सर.

विज्ञानशिक्षक
बोटीच्या पोटातच तर म्हणतोय! उन्हाळ्यात येवल्याकडे जाणारा अर्धा भरलेला पाण्याचा टँकर पाहा. ड्रायव्हरने ब्रेक मारला, टँकर थांबला, आणि मग आतल्या पाण्याने त्याला पुढे एक धक्का दिला. गच्च भरलेला टँकर असं करत नाही, रिकामाही नाही. अर्धवटाचाच हा खेळ. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते इथे शब्दशः खरं आहे.

जुना दर्यावर्दी
माणसंही डचमळतात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट घ्या. खच्चून भरलेली, पावसाळी दर्या, लाट आली तशी माणसं एका बाजूला धावली. सहाशेहून जास्त गेले. मोकळं वजन पाण्याचं असो वा माणसांचं, ते कललेल्या बाजूलाच धावतं.

शब्दवेडा
आणि नाशिककरांना पाण्याचं काय कळतं, असं कुणी म्हणू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला एकट्याने वल्हवायच्या बोटीत होते. ती बोट फूटभर रुंद असते, तिचा तोल वल्ह्यांवरच. म्हणजे वल्हीच तिची उलांडी.

गोदाकाठची
मथळा असा केलाय: ‘बोटीचा तोल आणि आत शिरणारं पाणी’. डचमळणे ठेवलं. झुकणे पूर्ण काढलं.
एकच राहिलं. डेकवर आलेली लाट परत समुद्रात जावी म्हणून कठड्याला खाली जी भोकं ठेवतात त्यांना काय म्हणू? जाळी आणि मासळी अडकून ती बंद होऊ देऊ नका, असं सांगायचंय. मसुद्यात ‘जलनिर्गम छिद्रे’ आहे.

शब्दवेडा
जलनिर्गम छिद्रे साफ करायला आधी संस्कृतचे गुरुजी बोलवावे लागतील.

गोदाकाठची
‘मोऱ्या’ लिहू? पण मोरी म्हणजे न्हाणीघरातली, लोक हसतील.

हर्णैची माहेरवाशीण
मोरीच लिहा ताई. मोरी तुंबली की काय होतं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.