नाकातून पाणी गळलं म्हणजे सर्जन कच्चाच?

निशिगंध:
परवाच्या पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, 'नाकावाटे केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर नाकातून मेंदूचं पाणी गळलं की सर्जनने माती खाल्ली समजा आणि सरळ केस टाका.' न्यूरो वॉर्डात नर्स म्हणून हयात गेली, गप्प बसवत नाही. आधी गाठ कुठे आहे ते बघाल की नाही? सेलाच्या, म्हणजे ती ग्रंथी बसते त्या हाडाच्या खोबणीच्या, आतच राहिलेली पिट्युटरीची गाठ काढताना बऱ्याचदा मेंदूभोवतीच्या पाण्याच्या आवरणाला धक्काही लागत नाही. क्रेनिओफॅरिंजिओमा, म्हणजे त्या ग्रंथीच्या वरच्या भागात वाढणारी गाठ, काढायचा तर ते आवरण उघडावंच लागतं, कधी थेट तिसऱ्या व्हेंट्रिकलपर्यंत (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत). त्यात आवरणाला पडलेलं भोक मोठं असेल, आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालं असेल, डोक्यातला दाब मुळात जास्त असेल, वजन जास्त असेल, तर धोका वाढणारच. रोज अर्धा लिटरच्या आसपास पाणी नव्याने तयार होतं आणि आतून भोक बुजवलेल्या दुरुस्तीवर दाब देत राहतं.

माणदेशी:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. माझा धाकटा भाऊ चप्पल घालायला वाकला आणि एका नाकपुडीतून टपटप पाणी. घशात खारट चव येतेय म्हणून आदल्या रात्रीच सांगत होता. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे. पुढे मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाचा संसर्ग. ते पाणी डबीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या तपासणीला (मेंदूचंच पाणी आहे का ते तिच्यात कळतं) पाठवायचं कुणाला सुचलं नाही. तुमची ही यादी सही घेताना आम्हाला कुणी वाचून दाखवली होती?

निशिगंध:
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण गळती होणं वेगळं आणि ती न ओळखणं वेगळं. दुसऱ्यात हलगर्जीपणा आहे, शंभर टक्के. पहिल्यात असेलच असं नाही.

दुर्वा:
आलं का वजन! कुठलाही आजार असो, शेवटी जाड माणसाच्याच माथी. मला कुशिंग्ज होता. गाठीमुळे कॉर्टिसोल हे हार्मोन वाढलं, त्यामुळे वजन. आणि ओपीडीत ऐकवलं, 'मॅडम, आधी वीस किलो उतरवा.' गाठ आत असताना कसं उतरवू?

कर्दळ:
दुर्वाताई, चिडा, पण मुद्दा खोटा नाही. पोटातला दाब वाढला की शिरांमधला वाढतो, मग डोक्यातला. कुशिंग्जमध्ये वर जखमही हळू भरते.

दुर्वा:
मुद्दा खोटा आहे असं म्हटलंच नाही मी! धोका आहे ना, मग त्याप्रमाणे तयारी करा. दुरुस्ती जास्त भक्कम करा, पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्या म्हणजे कुंथावं लागणार नाही, शिंक तोंड उघडं ठेवून काढायला शिकवा. मला हे शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी शिकवलं. डॉक्टरांनी फक्त वजन मोजलं.

माणदेशी:
दुर्वाताई, अगदी बरोबर. दोष पेशंटवर ढकलायची सोय आहे ती.

कर्दळ:
ढकलायचं कुणाला आहे? अमेरिकेतल्या पिट्सबर्गची २०१९ची चाचणी बघा. १७० पेशंट, सगळ्यांची भोकं एक चौरस सेंटीमीटरहून मोठी. कमरेतून ड्रेन (बारीक नळी) घालून तीन दिवस तासाला १० मिली पाणी काढलं त्यांच्यात गळती ८.२ टक्के, ड्रेन नसलेल्यांत २१.२. नाकातला फ्लॅप (भोकावर बसवायचा नाकाच्या अस्तराचा तुकडा) ज्यांनी जगभर रुजवला त्यांच्याच संस्थेत ड्रेनशिवाय पाचात एक! तेही कच्चे सर्जन का?

माणदेशी:
मग सगळ्यांना ड्रेन का घालत नाहीत?

कर्दळ:
डोकं ठणकतं, पाणी जास्त निघालं तर जिवावर बेततं, पेशंट अंथरुणाला खिळला की पायात गुठळ्या. शिवाय त्याच चाचणीत सेलाच्या वरच्या गाठींना ठळक फायदा दिसला नाही. कवटीच्या तळाच्या पुढच्या आणि मागच्या भागात दिसला.

दुर्वा:
हे एवढं मराठीत लिहून प्रत्येक पेशंटच्या हातात द्यायला काय हरकत आहे? डिस्चार्ज कार्डावर 'नाक शिंकरू नये' एवढंच, तेही इंग्रजीत.

निशिगंध:
याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्या वॉर्डात मी तोंडी सांगायचे. लेखी नव्हतं, असायला हवं होतं.

माणदेशी:
ठीक. 'केस टाका' हे वाक्य तिकडच्या धाग्यावरून काढतो, आकडे बघून. पण वाकल्यावर एका नाकपुडीतून पाणी पडतंय आणि बघणारा 'सर्दी' म्हणतोय, त्याला मी सोडणार नाही.