मदत हवी आहे : ई-निविदेचे लिफाफे उघडत नाहीत, टोकनवाले साहेब बदलून गेले

भांडारपाल
यंदापासून आमची सगळी खरेदी ऑनलाइन. आज तांत्रिक लिफाफे (दर सोडून बाकी कागदपत्रांच्या पोर्टलवरच्या बंद फाइली) उघडायचे होते. ज्या साहेबांच्या नावावर अधिकार होता त्यांची बदली झाली. नव्या साहेबांचं टोकन (डिजिटल स्वाक्षरी असलेलं, पेनड्राइव्हसारखं) लावलं तर पोर्टल ढिम्म हलत नाही. पुरवठादार फोनवर फोन करतायत. लवकर सांगा!

कुलूपकिल्ली
उघडणारे किती जण नेमले होते? एरर काय येतोय? बहुतेक पोर्टलवर बोली सादर होतानाच नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या पब्लिक कीने (कुलूप लावणारा, सगळ्यांना देता येणारा डिजिटल कोड) बंद होते आणि त्यांच्या टोकनातल्या प्रायव्हेट कीनेच (त्याच्या जोडीचा गुप्त कोड) उघडते. नवे साहेब पदावर आले तरी त्यांची की त्या बोलीत नाहीच.

जुनाजाणता
साधा उपाय: साहेबांकडून टोकन आणि पिन मागवून घ्या. आणि पुढच्या वेळेपासून सोबत कागदी लिफाफेही घ्या. आम्ही घेतो.

लेखापरीक्षक
कृपा करून असलं काही करू नका. डिजिटल स्वाक्षरी व्यक्तीची असते, खुर्चीची नाही. पिन दुसऱ्याच्या हाती गेला की उद्या वाद झाल्यावर कोणी उघडलं हे सिद्ध करता येणार नाही. आणि कागदी संच घेतलात तर दर गुप्त राहिले याची हमी कोण देणार?

जुनाजाणता
काम अडल्यावर नियम सांगणारे पुष्कळ भेटतात.

लघुउद्योजक
पुरवठादार नोंदणीला किती दिवस लागतात? माझं डिजिटल स्वाक्षरीचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही.

दूरदृष्टी
दक्षिण कोरियाने 2002 मध्ये देशभरासाठी एकच पोर्टल सुरू केलं. युक्रेनने 2016 मध्ये सरकारी खरेदी ऑनलाइन सक्तीची केली, तिथे लिलाव संपला की सगळ्यांच्या बोली कोणालाही बघता येतात. आपल्याकडे फक्त सॉफ्टवेअर बसवतात, कामाची पद्धत तीच ठेवतात.

भांडारपाल
कोरिया राहू द्या हो! चौघे नेमले होते, त्यातले कोणतेही दोन चालतात. एक निवृत्त, एक रजेवर परदेशात. राहिल्या मॅडम, त्यांनी नुकतंच नवं प्रमाणपत्र घेतलंय.

कुलूपकिल्ली
हे आधी सांगायला हवं होतं. मॅडमचं जुनं टोकन कुठे आहे? नव्या प्रमाणपत्राची की वेगळी, त्यामुळे या बोली त्या कीने उघडणार नाहीत. जुनं फॉरमॅट केलं नसेल तर की अजून त्यातच आहे. मुदत संपलेलं चालतं का, ते हेल्पडेस्कला विचारा. दुसरे हवेत बदलून गेलेले साहेब; त्यांनी नव्या जागेवरूनच स्वतः लॉगिन करायचं, प्रवासाची गरज नाही. त्यांचं खातं कोणी बंद तर केलं नाही ना?

भांडारपाल
कार्यमुक्तीच्याच दिवशी बंद केलं.

लेखापरीक्षक
मग सक्षम अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने ते याच निविदेपुरतं सुरू करून घ्या. तोवर उघडण्याची तारीख पुढे ढकलल्याचं शुद्धिपत्रक आजच पोर्टलवर टाका, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी कळेल. फोनवर कोणालाही काही सांगू नका.

भांडारपाल
मॅडमचं जुनं टोकन कपाटात आहे म्हणतायत. शुद्धिपत्रकाचा मसुदा घेतो लिहायला.

लघुउद्योजक
माझ्या नोंदणीचं कोणी सांगेल का?