मदत हवी आहे: ऑपरेशनआधीची औषधी आंघोळ नेमकी कशी घालायची?

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची आहे, इथंच सोलापुरात. हॉस्पिटलनं ४ टक्के क्लोरहेक्सिडिनची (अंगाला लावून धुवायचं जंतुनाशक औषध) बाटली दिली आणि "आदल्या रात्री एकदा, त्या दिवशी सकाळी एकदा" एवढंच सांगितलं.

आई म्हणते, डेटॉलसारखी दोन झाकणं बादलीत टाक. मला ते पटत नाही. आमच्याकडे शॉवर नाही, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं तिला स्टुलावर बसवून बादली-तांब्यानंच आंघोळ घालते. मावशीचं म्हणणं, पायाचे केस घरीच रेझरनं काढ. शिवाय आईला आंघोळीनंतर अंगाला खोबरेल लागतंच. यातलं काय चालतं? आणि साध्या साबणानं भागत नाही का?

प्रतिसाद १ (ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते)
बादलीत अजिबात नको, इतकं पातळ झालं की उपयोग शून्य. आधी साध्या साबणानं आंघोळ घाला आणि साबण नीट धुऊन काढा, कारण त्याचा अंश राहिला तर हे औषध निकामी होतं. मग पाणी ओतणं थांबवून, ओल्या अंगावर स्वच्छ फडक्यानं मानेपासून खाली लावा. काखा, बेंबी, जांघा, गुडघ्याची मागची बाजू विसरू नका. डोळे, कान, तोंड आणि गुप्तांगाचा आतला भाग मात्र टाळा. दोनेक मिनिटं ठेवून धुवा. हॉस्पिटलच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

हे औषध कातडीला धरून काही तास काम करत राहतं. म्हणून नंतर साबण, खोबरेल, पावडर काही नको. टॉवेल, कपडे, अंथरायची चादर धुतलेली हवी. (सोलापुरात चादरींची काय कमी!) ते कपडे ब्लीचमध्ये टाकू नका, तपकिरी डाग पडतात.

रेझर तर मुळीच नाही. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. गरज असेल तर हॉस्पिटलचेच लोक क्लिपरनं (केस कापायच्या मशीननं) केस काढतील. पुरळ उठलं तर थांबून डॉक्टरांना कळवा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट तातडीच्या विभागात न्या.

प्रतिसाद २
साबणाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांनुसार साधा किंवा जंतुनाशक, दोन्ही चालतात. तरी सर्जननी बाटली दिलीय तर तीच वापरा.

धागाकर्ती
आभार! आईच्या टाचेला भेगा आहेत, एकीतून परवा रक्त आलं. तिथंही लावू?

प्रतिसाद १
उघड्या भेगेवर नको. आजच हॉस्पिटलला फोन करा. पायावर जखम असेल तर सर्जन तारीख पुढं ढकलू शकतात.